घरच्या टेबलावरचा स्विच: नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेशन हाताने शिकताना

जुन्या मॅनेज्ड स्विचमध्ये (अनेक यंत्रं केबलने जोडणारी, आज्ञा देऊन चालवता येणारी पेटी) केबल खोचली की त्या पोर्टचा दिवा आधी नारिंगी लागतो. साधारण ३० सेकंद तो नारिंगीच राहतो, मग हिरवा होतो. तेवढा वेळ लॅपटॉपला नेटवर्क मिळत नाही. सिम्युलेटरमध्ये शिकताना मी हे अनेकदा पाहिलं होतं, पण तिथे वेळ पुढे सरकवायचं बटण असतं आणि मी ते दाबून मोकळा व्हायचो. स्वतःच्या टेबलावर स्विच आला तेव्हा थांबावं लागलं, आणि थांबल्यावर पहिला खरा प्रश्न पडला: हा पोर्ट ३० सेकंद नेमकं करतो तरी काय? त्या एका प्रश्नाने मला पुस्तकातल्या तीन प्रकरणांपेक्षा जास्त शिकवलं.

नेटवर्कच्या क्षेत्रात यायची इच्छा आहे, थोडं वाचन झालं आहे, पण हाताखाली यंत्र नाही, अशांसाठी हा लेख आहे. उदाहरण मी सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० या मालिकेचं घेतो, कारण ऑफिसांतून निवृत्त झालेले हे स्विच वापरलेल्या मालाच्या बाजारात सहज दिसतात आणि सीसीएनए या सिस्कोच्या परीक्षेच्या अभ्यासातला स्विचिंगचा बहुतेक भाग त्यावर करून पाहता येतो. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. स्विचवर अर्थातच त्या इंग्रजीत टाइप करायच्या.

खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. अशा ठिकाणी वापरलेलं नेटवर्किंगचं सामान मिळतं. ऑनलाइनही मिळतं, पण पहिला स्विच दुकानात जाऊन, चालू करून पाहूनच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. जाताना लॅपटॉप आणि कन्सोल केबल (लॅपटॉपवरून स्विचला थेट आज्ञा द्यायची) सोबत न्या. दुकानदाराला सांगा, "दादा, पाच मिनिटं चालू करून बघतो." नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.

२४ पोर्टच्या साध्या २९६० मध्ये १०० मेगाबिटचे २४ पोर्ट आणि गिगाबिटचे दोन अपलिंक असतात. शिकायला १०० मेगाबिट पुरतात. वेगासाठी जादा पैसे मोजू नका. पंख्याचा आवाज मात्र विचारात घ्या. एका खोलीत घरातलं कुणी झोपलेलं असताना रात्री अभ्यास करणार असाल, तर ८ पोर्टचं छोटं, बिनपंख्याचं मॉडेल शोधणं शहाणपणाचं. बाजारात वेबपेजवरून चालणारे स्वस्त स्मार्ट स्विचही आहेत. त्यांवर व्हीलॅन (एकाच स्विचमध्ये केलेलं वेगळं, आभासी नेटवर्क) कळतं, पण कन्सोल नसतो, आणि कन्सोलशिवाय या कामातली निम्मी समज हाताला लागत नाही.

दुकानात तीन गोष्टी तपासा. पहिली, स्विच पूर्ण बूट होतो का. नुसता "स्विच" आणि विसर्गचिन्ह असा प्रॉम्प्ट येऊन थांबला, तर फ्लॅशमधली आयओएसची (स्विचच्या ऑपरेटिंग सिस्टिमची) फाइल गायब असण्याची शक्यता मोठी. ती फाइल कंपनीकडून कराराशिवाय मिळत नाही. मिळवलीच, तर कन्सोलवरून एक्समोडेम या जुन्या पद्धतीने ९६०० बॉडने चढवावी लागते: सेकंदाला जेमतेम ९६० बाइट, म्हणजे १० एमबीच्या फाइलला तीन तासांच्या आसपास. दुसरी, "शो व्हर्जन" मध्ये आयओएसच्या फाइलच्या नावात "के९" आहे का. नसेल तर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) चालणार नाही. तिसरी, पोर्टच्या आतल्या सोनेरी पिना टॉर्चने पाहा. वाकलेल्या पिना असतील तर तो पोर्ट गेला समजा.

सोबत घ्यायचं सामान: फिकट निळी चपटी कन्सोल केबल, यूएसबी-सिरियल अडॅप्टर, कॅट ५ई केबलचे चार-पाच तुकडे, संगणकाला लागते तशीच पॉवर कॉर्ड. शक्य असेल तर एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता "पाय") किंवा जुना लॅपटॉप, ज्यावर लिनक्स चालेल. केबल स्वतः क्रिम्प करायला शिका. ५६८-बी या प्रमाणित जोडणीतला तारांचा क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारांचा पीळ टोकाशी अर्धा इंचापेक्षा जास्त सोडवू नका.

विजेबद्दल दोन शब्द. साधारण ३० वॅट धरले तर दिवसरात्र चालू ठेवलेला स्विच महिन्याला साडेएकवीस युनिट खातो, तेव्हा अभ्यास संपला की बंद करा. आणि प्लग तीन पिनांचा आहे तो तसाच राहू द्या. स्विचच्या धातूच्या पेटीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही असं समजा आणि आधी वायरमनला बोलवा.

कन्सोल

यूएसबी अडॅप्टर लावल्यावर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून कॉम पोर्टचा नंबर पाहा, पुटी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सिरियल निवडा आणि वेग ९६०० ठेवा. ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल नाही. लिनक्सवर स्क्रीन किंवा मिनिकॉम वापरता येतं. परवानगी नाकारली गेली तर स्वतःला डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरू शकणाऱ्यांच्या) घाला.

पडद्यावर काहीच येत नसेल तर एंटर दाबा. कचरा अक्षरं येत असतील तर वेग चुकला आहे; आधीच्या मालकाने तो बदललेला असू शकतो. वेग बरोबर आहे, अक्षरं दिसतात, पण टाइप केलेलं उमटत नाही, असं असेल तर फ्लो कंट्रोल चालू राहिला आहे का ते पाहा. यात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली होती.

आधीच्या मालकाचं पुसणं

वापरलेला स्विच पासवर्डसकट येतो. काढायची रीत अशी: वीज काढा, समोरचं मोड बटण दाबून धरा, धरलेलं असतानाच वीज द्या. सिस्टिमचा दिवा लुकलुकत राहील, मग क्षणभर नारिंगी होऊन स्थिर हिरवा होईल. तेव्हा बटण सोडा. बूटलोडरचा प्रॉम्प्ट आला की:

फ्लॅश_इनिट
डिर फ्लॅश:
डिलीट फ्लॅश:कॉन्फिग.टेक्स्ट
डिलीट फ्लॅश:व्हीलॅन.डॅट
बूट

त्यात कुणाचे तरी आयपी, कुणाची तरी नावं असतात. ती वाचत बसू नका, पुसा. उद्या तुमच्या हाती दुसऱ्याचं नेटवर्क असणार आहे, तेव्हा ही सवय आजपासूनच लागू दे.

व्हीलॅन.डॅट वेगळी पुसावी लागते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. "राइट इरेज" केल्यावर कॉन्फिगरेशन जातं, पण व्हीलॅनची यादी या फाइलमध्ये तशीच राहते. व्हीटीपी नावाचा प्रोटोकॉल ही यादी एका स्विचवरून दुसऱ्यावर पसरवतो आणि ज्याचा रिव्हिजन नंबर मोठा, त्याची यादी खरी मानतो. लॅबमध्ये खेळून खेळून नंबर वाढलेला स्विच त्याच डोमेन नावाच्या चालू नेटवर्कला जोडला, तर तिथले व्हीलॅन पुसले जाऊ शकतात. म्हणून लॅबमध्ये पहिल्याच दिवशी "व्हीटीपी मोड ट्रान्सपरंट" द्या आणि ते का दिलं हेही वहीत लिहा.

वही

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची असती, तर ती हीच सांगितली असती. २०० पानी साधी वही घ्या. प्रत्येक प्रयोगाआधी डाव्या पानावर लिहा: मी ही आज्ञा देणार आहे, आणि मला वाटतं असं असं होईल. मग एंटर दाबा. उजव्या पानावर प्रत्यक्षात झालं ते लिहा. दोन्ही पानं जुळली तर पुढे जा. जुळली नाहीत तर तिथेच थांबा, कारण तुमच्या समजुतीतली भेग नेमकी तिथे सापडली आहे.

व्हिडिओ पाहत आज्ञा उतरवत गेलं की सगळं चालतं आणि आपल्याला येतं असं वाटतं. अंदाज आधी लिहिला की ते वाटणं टिकत नाही. माझ्या पहिल्या वहीत डावं आणि उजवं पान जुळलेली पानं निम्मीसुद्धा नव्हती, आणि नंतर नोकरीत उपयोगी पडली ती न जुळलेलीच.

पहिली बैठक

कोऱ्या स्विचवर सुरुवातीच्या संवादाला "नो" म्हणा. मग:

एनेबल
कॉन्फिगर टर्मिनल
होस्टनेम लॅब-१
नो आयपी डोमेन-लुकअप
एनेबल सीक्रेट (तुमचा पासवर्ड)
लाइन कन्सोल ०
लॉगिंग सिंक्रोनस

"नो आयपी डोमेन-लुकअप" का? चुकीची आज्ञा टाइप झाली की स्विच तिला एखाद्या यंत्राचं नाव समजतो आणि ते नेटवर्कवर शोधत बसतो. मुद्दाम आधी ही ओळ न देता काहीतरी अर्थहीन टाइप करून पाहा, म्हणजे ती ओळ कायमची लक्षात राहील. "लॉगिंग सिंक्रोनस" मुळे तुम्ही टाइप करत असताना मध्येच आलेले संदेश तुमची ओळ तोडत नाहीत.

आता सेव्ह न करता वीज काढा आणि परत द्या. सगळं गेलेलं असेल. चालू कॉन्फिगरेशन रॅममध्ये असतं, "कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग" केल्याशिवाय ते टिकत नाही. माझ्याकडे हा धडा लाइट गेल्यामुळे मिळाला, दोन तासांचं काम झाल्यावर. तुम्ही पाच ओळींवर घ्या.

स्विचला दुरून हात लावता यावा म्हणून त्याला आयपी द्या. घरच्या वायफाय राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, म्हणून लॅबसाठी १०.१० ने सुरू होणारे पत्ते घ्या. तिसरा आकडा व्हीलॅनचाच ठेवा: व्हीलॅन १० साठी १०.१०.१०, व्हीलॅन २० साठी १०.१०.२०, व्यवस्थापनाच्या व्हीलॅन ९९ साठी १०.१०.९९. रात्री दोन वाजता बिघाड शोधताना पत्ता पाहून व्हीलॅन कळणं फार मोलाचं असतं.

व्हीलॅन ९९ तयार केला, "इंटरफेस व्हीलॅन ९९" ला पत्ता दिला, तरी "शो आयपी इंटरफेस ब्रीफ" मध्ये तो अप, डाउन असा दिसेल. इथे बरेच जण अडकतात. त्या व्हीलॅनमधला एक तरी पोर्ट जिवंत असल्याशिवाय हा इंटरफेस उठत नाही. एक पोर्ट ९९ मध्ये टाका, त्यात लॅपटॉप लावा, उठेल.

एसएसएचसाठी डोमेन नाव द्या, २०४८ बिटांची आरएसए की बनवा, एक युजर बनवा, व्हीटीवाय लाइन (दुरून लॉगिन करायच्या वाटा) ० ते १५ वर "लॉगिन लोकल" आणि "ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच" द्या. आताच्या लॅपटॉपवरून जोडताना बहुधा नकार येईल, कारण जुना स्विच जुन्या पद्धतीची की आणि सायफर पुढे करतो आणि नव्या ओपनएसएसएचने त्या बंद केल्या आहेत. आरएसए-शा१ सह्या २०२१ च्या ८.८ आवृत्तीपासून मुळातच बंद आहेत. नकाराच्या संदेशात स्विच काय देऊ करतो ते लिहिलेलं असतं. तेवढेच पर्याय, फक्त त्या एका यंत्रापुरते, क्लायंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये चालू करा. सगळ्यांसाठी उघडू नका.

स्विच शिकतो कसा

दोन लॅपटॉप पोर्ट १ आणि २ मध्ये लावा, एकाच सबनेटचे पत्ते द्या आणि पिंग करा. विंडोज असेल तर पिंगला उत्तर येणार नाही, कारण त्याची फायरवॉल आत येणारं पिंग सहसा अडवते. नवशिक्यांचा किती वेळ यात जातो! स्विचला दोष देण्याआधी फायरवॉलमध्ये तेवढा नियम चालू करा.

पिंग चालू लागलं की "शो मॅक ॲड्रेस-टेबल डायनॅमिक" द्या. कुठल्या पोर्टमागे कोण आहे, हे स्विचने येणाऱ्या फ्रेमच्या (ईथरनेटवरच्या डेटाच्या गठ्ठ्याच्या) पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावरून, टिपून ठेवलेलं दिसेल. काही हालचाल झाली नाही तर ३०० सेकंदांनी ती नोंद जाते.

आता तिसरा लॅपटॉप पोर्ट ३ मध्ये, त्यावर वायरशार्क (नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारा प्रोग्रॅम). पहिला दुसऱ्याला सतत पिंग करतो आहे, तिसऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. "क्लिअर मॅक ॲड्रेस-टेबल डायनॅमिक" द्या. अंदाज लिहिलात ना? तिसऱ्याच्या पडद्यावर बहुतेक वेळा एकच पिंग उमटतं: जाणारं. उत्तर मात्र दिसत नाही. कारण टेबल रिकामं असल्याने जाणारी फ्रेम सगळीकडे पाठवली गेली, पण ती जाताजाताच पाठवणारा कुठे आहे ते स्विचने टिपलं, त्यामुळे उत्तर थेट गेलं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठलो होतो. पानभर व्याख्या वाचून जे कळलं नव्हतं ते त्या एका ओळीत दिसलं.

व्हीलॅन आणि ट्रंक

पोर्ट १ ते ८ व्हीलॅन १० मध्ये, ९ ते १६ व्हीलॅन २० मध्ये टाका. "स्विचपोर्ट मोड ॲक्सेस", मग "स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १०". दोन व्हीलॅनमधले लॅपटॉप एकमेकांना दिसेनासे होतील, आयपी एकाच सबनेटचे ठेवले तरीही. एका स्विचचे दोन स्विच झाले.

मग "नो व्हीलॅन २०" देऊन व्हीलॅनच उडवा आणि "शो व्हीलॅन ब्रीफ" पाहा. ९ ते १६ पोर्ट यादीतून नाहीसे झालेले असतील. व्हीलॅन १ मध्ये परत येत नाहीत, ते निष्क्रिय होऊन लटकून राहतात. "पोर्ट गायब झाले" अशी तक्रार कधी आली तर हे पान आठवेल.

आता रास्पबेरी पाय गिगाबिट पोर्टला लावा आणि तो पोर्ट ट्रंक (एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेणारा) करा. २९६० ला फ्रेमवर व्हीलॅनची चिठ्ठी लावायची डॉट१क्यू ही एकच पद्धत येते, म्हणून "स्विचपोर्ट मोड ट्रंक" एवढंच पुरतं. सिस्कोच्याच ३५६० मालिकेवर मात्र आधी "स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू" द्यावं लागतं, आणि नेमकी तीच ओळ २९६० वर दिली तर तो ती नाकारतो. दोन्हींचे धडे मिसळून शिकणारे इथे गोंधळतात. पायवर त्याच ईथरनेट कार्डाचे व्हीलॅन १०, २० आणि ९९ असे तीन उपइंटरफेस बनवा, प्रत्येकाला त्या सबनेटचा .१ पत्ता द्या, आयपी फॉरवर्डिंग चालू करा आणि डीएनएसमास्क या प्रोग्रॅमने डीएचसीपीवरून (आयपी आपोआप वाटायची पद्धत) पत्ते वाटा. लॅपटॉपचा गेटवे पाय झाला की १० मधला २० मधल्याशी बोलू लागेल.

पायवर टीसीपीडम्प चालवा आणि लिंक-स्तराचं हेडर दाखवणारा ई पर्याय द्या. प्रत्येक फ्रेमपुढे व्हीलॅन १०, व्हीलॅन २० असं लिहिलेलं दिसेल. ४ बाइटची ती चिठ्ठी. व्हीलॅनचा क्रमांक तिच्यात १२ बिटांत बसतो, म्हणून वापरता येणारे व्हीलॅन ४०९४.

आता या लेखातली सर्वांत महागडी ओळ. ट्रंकवर १० आणि २० ला परवानगी आहे आणि तुम्हाला ३० वाढवायचा आहे. "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०" लिहिलं तर ३० वाढत नाही, यादीच बदलते. १० आणि २० जातात. मध्ये "ॲड" हा शब्द हवा. माझ्या पहिल्या नोकरीत मी तो विसरलो आणि एका मजल्यावरचे सगळे फोन बंद पडले. माझंही कनेक्शन त्याच ट्रंकवरून जात असल्याने मला चूक सुधारताही येईना. आमचे सर सर्व्हर रूममध्ये धावत गेले आणि कन्सोल लावून त्यांनी ते परत आणलं. मला रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिकवलं ते असं: दुरून धोक्याचा बदल करायच्या आधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करून ठेव, "रीलोड इन १०" दे, मग बदल कर. कनेक्शन तुटलं तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीबूट होऊन जुन्यावर परत येतो. सगळं ठीक झालं तर "रीलोड कॅन्सल", आणि मगच सेव्ह. लॅबमध्ये मुद्दाम स्वतःला बाहेर कोंडून घ्या आणि ती दहा मिनिटं घड्याळ लावून बसा.

वादळ

आता त्या नारिंगी दिव्याकडे परत. घरच्या राउटरपासून लॅब पूर्ण तोडा. हे पाळाच, नाहीतर घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट जाईल.

एकाच केबलची दोन टोकं पोर्ट ५ आणि ६ मध्ये खोचा. थोड्या वेळाने ५ हिरवा होईल, ६ नारिंगीच राहील. "शो स्पॅनिंग-ट्री" मध्ये ६ अडवलेला दिसेल. स्विचने आपलीच बीपीडीयू (स्विच एकमेकांना पाठवतात तो स्पॅनिंग-ट्रीचा संदेश) दुसऱ्या दाराने परत आलेली पाहिली आणि एक दार लावून घेतलं. सुरुवातीचे ३० सेकंद यासाठीच असतात: १५ सेकंद ऐकण्यात, १५ मॅक पत्ते शिकण्यात, आणि तोवर एकही फ्रेम पुढे नाही. लूप शोधून तोडणारा हा स्पॅनिंग-ट्री अल्गोरिदम राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना तयार केला आणि १९९० मध्ये तो ८०२.१डी या मानकात आला.

आता तो बंद करून पाहा: "नो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १०". पोर्ट ५, ६ आणि एक लॅपटॉप त्याच व्हीलॅनमध्ये असू द्या. लॅपटॉपवरून अस्तित्वात नसलेल्या पत्त्याला एक पिंग. त्याची एक एआरपी विनंती (या आयपीचा मॅक पत्ता काय, अशी सगळ्यांना विचारणा) बाहेर पडते, लूपमध्ये शिरते आणि फिरत राहते. आयपी पॅकेटला आयुष्याचा आकडा असतो, तो शून्यावर आला की पॅकेट मरतं. ईथरनेटच्या फ्रेमला असा आकडा नसतो. सगळ्या दिव्यांचं लुकलुकणं इतकं वेगवान होतं की ते स्थिर पेटल्यासारखे दिसतात, आणि कन्सोलवर मॅक पत्ता दोन पोर्टांमध्ये उड्या मारत असल्याचे संदेश येऊ लागतात. १०० मेगाबिटच्या पोर्टवर सर्वांत लहान फ्रेम सेकंदाला सुमारे १,४८,८०० मावतात. "शो इंटरफेसेस" मधला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. काही वेळा वादळ उठायच्या आतच स्विच लूपबॅक सापडल्याचं सांगून पोर्ट बंद करतो. ती त्याच्या कीपअलाइव्हची (पोर्ट ठीक आहे का ते पाहायला तो अधूनमधून पाठवतो त्या फ्रेमची) करामत. तसं झालं तर त्या दोन पोर्टांवर "नो कीपअलाइव्ह" देऊन पुन्हा करा. मग केबल उपटा. क्षणात शांत.

एखाद्या ऑफिसात मीटिंग रूममधली लोंबकळणारी केबल कुणीतरी "नीट" म्हणून भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचतं आणि सगळं नेटवर्क झोपतं. ते दृश्य तुम्ही आता ओळखाल.

स्पॅनिंग-ट्री परत चालू करा. लॅपटॉपच्या पोर्टवर "स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट" द्या, दिवा लगेच हिरवा होईल. जिथे हे दिलेलं नसतं तिथे झटकन बूट होणारा संगणक ३० सेकंदांत पत्ता मागून थकतो आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. पोर्टफास्टसोबत "बीपीडीयू गार्ड" हवाच: त्या पोर्टला कुणी दुसरा स्विच लावला तर पोर्टच बंद होईल.

पुढे दुसरा स्विच मिळाला की दोघांत रूट कोण होतो ते पाहा. प्राधान्याचा आकडा दोघांचा सारखा, ३२७६८, म्हणून ज्याचा मॅक पत्ता लहान तो जिंकतो, आणि तो बहुधा जास्त जुना स्विच असतो. म्हणजे कुणी काहीच ठरवलं नाही, तर सर्वांत म्हातारं यंत्र नेटवर्कचा कारभारी होतं. "स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १० प्रायोरिटी ४०९६" देऊन तुम्ही ठरवा.

दाराशी पहारा

पोर्ट सिक्युरिटी झटपट होते: एका पोर्टवर एकच मॅक पत्ता चालेल असं सांगा, "स्टिकी" देऊन तो पक्का करा (नाहीतर केबल काढताच स्विच तो विसरतो), लॅपटॉप बदलून लावा, पोर्ट एरर-डिसेबल्ड होईल. तो नुसती केबल काढून-घालून सुधारत नाही, "शटडाउन" आणि मग "नो शटडाउन" द्यावं लागतं.

डीएचसीपी स्नूपिंगवर जास्त वेळ द्या. एखादा जुना वायफाय राउटर घ्या आणि त्याचा लॅनचा पोर्ट लॅबच्या स्विचला लावा. तो लगेच पत्ते वाटू लागेल आणि तुमचे लॅपटॉप भलत्याच सबनेटमध्ये जातील. छोट्या ऑफिसांत "इंटरनेट अधूनमधून जातं" या तक्रारीमागे हे कारण मी स्वतः अनेकदा पाहिलं आहे. उपाय: "आयपी डीएचसीपी स्नूपिंग", मग "आयपी डीएचसीपी स्नूपिंग व्हीलॅन १०", आणि फक्त पायच्या पोर्टवर "आयपी डीएचसीपी स्नूपिंग ट्रस्ट", म्हणजे पत्ते फक्त तिथूनच वाटले जातील. त्यानंतर खऱ्या सर्व्हरकडूनही पत्ते येईनात तर "नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन" देऊन पाहा. स्विच विनंतीत ऑप्शन ८२ ची भर घालतो आणि काही सर्व्हर अशी विनंती टाकून देतात.

आणि एक प्रयोग करूनच टाका. "मॉनिटर सेशन १" ने एका पोर्टची वाहतूक दुसऱ्यावर आरशासारखी उमटवा, तिथे वायरशार्क लावा, स्विचवर थोड्या वेळापुरतं टेलनेट (दुरून लॉगिन करायची जुनी पद्धत) चालू करा आणि लॉगिन करा. टाइप केलेला पासवर्ड अक्षरागणिक वाचता येईल. मग तेच एसएसएचने. टेलनेट बंद करा म्हणून तुम्हाला पुन्हा कुणी सांगावं लागणार नाही.

बिघाडाचा खेळ

आपणच केलेला बिघाड आपल्याला माहीत असतो, म्हणून दुसऱ्याचा हात हवा. मी माझ्या धाकट्या बहिणीला दहा चिठ्ठ्या लिहून दिल्या: ही केबल या पोर्टात घाल, या ओळीतला आकडा बदल, पायची वीज काढ, हा पोर्ट शटडाउन कर, त्या लॅपटॉपचा सबनेट मास्क बिघडव. मी स्वयंपाकघरात जायचो. ती एक चिठ्ठी उचलायची, करायची आणि हाक मारायची, "दादा, झालं. शोध आता."

शोधताना क्रम मोडू नका. आधी दिवा. मग "शो इंटरफेसेस स्टेटस": जोडलेला आहे का, कुठल्या व्हीलॅनमध्ये, वेग आणि डुप्लेक्स (पाठवणं आणि घेणं एकाच वेळी म्हणजे फुल, आळीपाळीने म्हणजे हाफ) काय. एक बाजू फुल, दुसरी हाफ असली तर पिंग चालतं पण फाइल कॉपी रांगते, आणि हाफ बाजूला लेट कोलिजन, फुल बाजूला सीआरसीच्या (फ्रेम खराब होऊन पोचल्याच्या) चुका वाढत जातात. मग मॅक टेबल, मग ट्रंक, मग आयपी, मग गेटवे. सापडल्यावर वहीत तीन ओळी: लक्षण काय, कारण काय, कुठल्या आज्ञेने कळलं. मुलाखतीत विचारतात ते बहुधा हेच.

कॉन्फिगरेशन रोज पायवर टीएफटीपीने कॉपी करा आणि तिथे गिटमध्ये ठेवा, म्हणजे काल आणि आज यांत कुठली ओळ बदलली ते दिसेल. पासवर्ड असलेली फाइल इंटरनेटवर टाकू नका.

हे सगळं झालं की एका रविवारी स्विच पुन्हा कोरा करा, व्हीलॅन.डॅटसकट. गिटला हात लावू नका, फक्त वही उघडा आणि घड्याळ लावून तीनही व्हीलॅन, ट्रंक, एसएसएच, पोर्टफास्ट आणि स्नूपिंग पहिल्यापासून उभं करा. मला पहिल्या वेळी पावणेतीन तास लागले होते, चौथ्या वेळी पंचवीस मिनिटं. जिथे वही अपुरी पडेल त्या पानावर खूण करा. पुढचा आठवडा तिथून सुरू करायचा.